नामांतर की नामविस्तार? भीमगीतं ऐकताना पडणारे प्रश्न

एप्रिल लागला की बीड, माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, कुठंही जा, संध्याकाळी भीमगीतं कानावर पडतात. मिरवणुकीत पोरं डीजेसमोर नाचत असतात आणि जुनी माणसं ओट्यावर बसून शब्द ऐकत असतात. ठेका संपला की वाद सुरू होतो. या गाण्यातला पोचीराम कोण? नामांतर झालं म्हणायचं की अजून व्हायचंय? वामनदादांनी त्या कडव्यात टोला नेमका कुणाला हाणलाय?

हे प्रश्न किरकोळ नाहीत. ज्यांनी मोर्चे पाहिले, लाठ्या खाल्ल्या, ती पिढी आता थकली आहे. गाणी मात्र मोबाइलमध्ये जोरात वाजत आहेत. शब्द पुढं आले, पण त्यांच्यामागची माणसं मागंच राहू लागली आहेत.

माजलगावचा शाहीर

बीड जिल्ह्यात या चर्चेत एक नाव हमखास निघतं, ते शाहीर आत्माराम साळवे यांचं. माजलगाव तालुक्यातलं भाटवडगाव हे त्यांचं गाव. जन्म १९५३ चा. दलित पँथरनं मराठवाड्यातली पोरं पेटवली, त्या काळातला हा शाहीर. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून झालेल्या सभांमधून, मोर्चांमधून त्यांनी गाणी रचली आणि गायली. म्हणून ते 'नामांतराचे शाहीर'.

१९९१ च्या जानेवारीत साळवे गेले. चाळिशीही गाठली नव्हती. विद्यापीठाचं नाव बदललं १४ जानेवारी १९९४ रोजी. ज्या दिवसासाठी हा माणूस गात राहिला, तो दिवस त्याच्यामागे तीन वर्षांनी आला.

त्यामुळे साळवेंची गाणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांच्यात विजयाचा सूर शोधू नये. तो तिथं असणारच नाही, कारण ती गाणी लढा चालू असताना झाली. आज कुणी १४ जानेवारीच्या कार्यक्रमात ती आनंदानं म्हणतं आणि ऐकणाराही टाळ्या वाजवतो, तेव्हा मागणीचं गाणं आठवणीचं गाणं होऊन जातं. शब्द तेच राहतात, पण अर्थ एक पाऊल सरकलेला असतो. जुन्या कार्यकर्त्यांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं बरोबर आहे.

गाण्यात येणारी नावं कुणाची?

नामांतराच्या गाण्यांमध्ये नावं फार येतात. ती सजावटीला आलेली नाहीत.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा दहा दिवससुद्धा झाले नव्हते. ठराव होताच मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. त्या वेळी मराठवाड्यात जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना आणि लातूर पुढं वेगळे झाले. गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं गाव सोडून पळाली. ठरावाची अंमलबजावणी थांबली ती सोळा वर्षं.

पोचीराम कांबळे हे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. ऑगस्ट १९७८ मध्ये त्यांची हत्या झाली. शेवटपर्यंत त्यांनी 'जय भीम' सोडलं नाही, अशी आठवण गावोगाव सांगितली जाते. गाण्यांमध्ये त्यांचं नाव येतं ते या आठवणीसकट. गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये आत्मदहन केलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरकारनं निर्णय घेतला.

'लाँग मार्च' हा शब्दही असाच. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लोक औरंगाबादच्या दिशेनं पायी निघाले. वाटेत बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं, धरपकड झाली. म्हणून एखाद्या गाण्यात नुसती नदी किंवा पूल आला तरी त्या पिढीचा माणूस गप्प होतो. विशीतल्या पोराला मात्र तो पूल म्हणजे नुसता पूल.

आणखी एक गंमत, कडू असली तरी. ज्या नावासाठी माणसं मेली ते नाव आज विद्यापीठात शिकणारी पोरं दोन अक्षरांत उरकतात: 'बामू'. इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं हे सोयीचं नाव. त्यात अनादर कुणाच्याच मनात नसतो. पण साळवेंच्या गाण्यातलं पूर्ण नाव आणि रिक्षावाल्याला सांगायचं 'बामू' यांच्यामध्ये किती घडून गेलंय हे कुणीतरी सांगायला हवं.

मग झालं ते काय?

इथं सगळ्यात जुना वाद येतो. मागणी 'नामांतरा'ची होती, झाला तो 'नामविस्तार'. म्हणजे 'मराठवाडा विद्यापीठ' हे नाव काढून टाकलं नाही, त्याच्यापुढं बाबासाहेबांचं नाव जोडलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की 'मराठवाडा' हे नाव प्रदेशाची ओळख आहे, निजामाविरुद्धच्या लढ्याची आठवण आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेतेही नामांतराच्या विरोधात होते. दुसरीकडं युक्रांद आणि समाजवादी चळवळीतले अनेक कार्यकर्ते नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. प्रदेशाच्या अस्मितेचा मुद्दा खरा मानला तरी त्यासाठी झोपड्या जाळायचं कारण काय, हा प्रश्न उरतोच आणि गाणी तोच विचारतात.

गाणं ऐकणाऱ्यांमध्ये म्हणूनच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नाव लागलं, गेटवर अक्षरं झळकली, शाहिराचं म्हणणं पुरं झालं. दुसरा म्हणतो, शाहिरानं शब्द 'नामांतर' वापरलाय, तो जपून वापरलाय, त्याला 'विस्तार' म्हणायचं असतं तर तसं म्हटलं असतं. १४ जानेवारीला कुणी 'नामांतर दिन' म्हणतं, कुणी 'नामविस्तार दिन'. सरकारी कागदावरचा शब्द आणि गाण्यातला शब्द वेगळे आहेत, एवढं समजलं तरी निम्मा वाद सुटतो. उरलेला निम्मा सुटावा असं दोन्ही पक्षांना वाटत असेल, असं काही दिसत नाही.

वामनदादांचा टोला

बीडमधल्या कुठल्याही भीमगीतांच्या कार्यक्रमात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो कवी नाशिक जिल्ह्यातला. वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत गिरणीच्या वस्तीत राहताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि आपल्याला अक्षर येत नाही याची लाज वाटून ते मोठेपणी वाचायला शिकले, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. पुढं 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) असे संग्रह आले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. १५ मे २००४ रोजी ते गेले.

(भीमराव कर्डक वेगळे. तेही नाशिकचेच, पण ते आंबेडकरी जलशांचे आधीच्या पिढीतले शाहीर. दोन्ही कर्डकांची गाणी एकमेकांच्या नावावर खपवणं हा नेहमीचा घोटाळा आहे.)

वामनदादांची भाषा इतकी सोपी की अर्थाबद्दल वाद होण्याचं कारण नाही, असं वाटतं. वाद तरी होतोच. त्यांच्या एका फार गाजलेल्या गाण्यात ते अनुयायांचा हिशोब मांडतात. जयजयकार करणारे मोजता येत नाहीत इतके, पण बाबासाहेबांच्या विचाराला खरोखर धरून राहणारे बोटांवर मोजण्याइतकेही भेटत नाहीत, असा त्याचा आशय.

हा टोला कुणाला? बरेच श्रोते सांगतात, पुढाऱ्यांना. त्याला आधारही आहे. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. नंतर इतक्या वेळा फुटला की गट मोजायला कागद लागावा. वामनदादांनी ही फाटाफूट डोळ्यांनी पाहिली होती. दुसरे म्हणतात, पुढाऱ्यांवर ढकलून मोकळं होऊ नका, गाणं समोर बसलेल्यांना उद्देशून आहे. हा दुसरा अर्थ जास्त पटणारा आहे. कारण गाणं स्टेजवरून गायलं जातं आणि समोर पुढारी एक-दोन असतात, ऐकणारे हजार. शिवाय त्यावर टाळ्या सगळ्यात जास्त पडतात, तिथंच कवीचा मुद्दा सिद्ध होतो.

त्यांचं दुसरं एक गाणं देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारतं की आमच्या वाट्याचं धन कुठं आहे. शहरात ते समाजवादी गाणं म्हणून ऐकलं जातं. बीडमध्ये त्याला आणखी एक कान आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कोयत्यानं फेडायची असते. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याला 'वाटा कुठं आहे' हा प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. टोळीत बौद्ध असतात, वंजारी असतात, मराठा, बंजारा, मातंग असतात. गाण्यातल्या 'आम्ही' मध्ये कोण कोण बसतं, यावर चर्चा होते ती म्हणूनच.

भाकरी आणि सही

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. त्यांच्या आवाजातलं एक गाणं गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात घरोघरी पोचलं. आपल्या पोटात जाणाऱ्या अन्नामागं बाबासाहेबांची स्वाक्षरी आहे, असं ते सांगतं. पोरं याचा अर्थ लगेच लावतात: संविधान, आरक्षण, नोकरी, पगार. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं, त्यावर सदस्यांनी सह्या केल्या २४ जानेवारी १९५० ला. अर्थ बरोबर आहे, पण पुरा नाही.

भाकरी हा शब्द जुन्या माणसाच्या कानाला वेगळा लागतो. गावगाड्यात येसकराची पाळी असे. दिवसभर गावाची, सरकारची कामं करायची आणि संध्याकाळी घरोघरी फिरून भाकरी मागायची. ती हक्काची म्हणत, पण घोंगडीत वरून टाकली जायची, बहुतेक वेळा शिळी. १९५६ च्या धर्मांतरानंतर ही कामं सोडायची असं गावोगाव ठरलं आणि त्यावरून बहिष्कारही सोसले. मागून आणलेल्या भाकरीवर कुणाची सही नसते. सहीची भाकरी म्हणजे कुणापुढं हात न पसरता मिळालेली भाकरी. पुढं सही या शब्दालाही वजन आहे, कारण आजे-पणजे अंगठा उठवत होते. उचलीच्या कागदावर आजही अंगठे उठतात.

दोन साधे शब्द, पण आजीला आणि नातवाला ते एकाच गाण्यात वेगवेगळे ऐकू येतात. नातू चुकत नाही, पण आजीला विचारलं तर त्याला गाणं दुप्पट मिळेल.

देव काढून माणूस ठेवला

अर्थ बदलण्याची ही कला या परंपरेत नवी नाही. तमाशात सुरुवातीला गण म्हणत, गणपतीचं स्तवन. सत्यशोधक जलशांनी गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा नायक, असा अर्थ केला. पुढं आंबेडकरी जलशांनी गवळण वगळली, कृष्ण-राधेच्या जागी शाळा, पाणी, गुलामी हे विषय आणले. साचा ओळखीचा राहिला म्हणून लोक बसले आणि आतला माल नवा होता म्हणून लोक बदलले.

बीड जिल्ह्यातल्या मीरा उमप दिमडीवर भीमगीतं गातात, त्यातही असाच एक बदल दडलेला आहे. दिमडी म्हणजे चामड्यानं मढवलेलं हातात मावणारं गोल वाद्य. खंडोबाच्या जागरणात ती वाघ्याच्या हातात असते, पुरुषाच्या हातात. तीच दिमडी एका बाईच्या हातात येते आणि खंडोबाऐवजी भीमराव गाते, तेव्हा शब्द सुरू होण्याआधीच निम्मी गोष्ट सांगून झालेली असते.

पण या सगळ्यात उठून दिसतात त्या माजलगावच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी पुण्याच्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९६ मध्ये त्यांनी माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण केलं. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणी तिथं गायल्या. हा सगळा ठेवा २०१७ पासून 'पारी' या पत्रकारितेच्या संग्रहातून लोकांपुढं येत आहे.

जात्यावर बसताना पहिली ओवी देवाला वाहायची रीत. या बायकांनी रीत मोडली नाही. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रमही तोच ठेवला. फक्त देवांच्या जागी बुद्ध, धम्म, संघ आणि बाबासाहेब आणून बसवले. ज्या घरातून जुने देव उचलले गेले त्या घरातल्या बाईनं पहाटेचं गाणं बंद केलं नाही, हे विशेष. ओवीचा साचा माहेर-सासर, भाऊ, पाहुणा, लेकरू अशा नात्यांचा. त्यामुळे बाबासाहेबही तिथं घटनाकार होऊन येत नाहीत, घरातलं माणूस होऊन येतात.

रमाईबद्दलही तसंच. मुंबईत शेणी थापून संसार चालवणारी रमाई गाण्यात आली की पुरुष श्रोते त्यागाबद्दल बोलतात. बायका हिशोबाबद्दल बोलतात: नवरा परदेशी शिकतोय, पैसा येत नाही, लेकरं आजारी आहेत, तर या बाईनं दिवस काढले कसे? रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्या वेळी बाबासाहेबांचं नाव देशभर झालं होतं, पण बाईच्या वाट्याला सुखाची वर्षं फार थोडी आली. गाण्यातल्या ठिगळाच्या लुगड्यावर बायकांच्या डोळ्यात पाणी येतं ते भक्तीनं कमी आणि ओळखीनं जास्त.

शेवटचं कडवं

अर्थाची भांडणं आधी भर मंडपात होत. गायन पार्ट्यांचा मुकाबला ठरायचा. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल इतिहासाचा, धम्माचा, कधी नुसता शब्दाचा. ज्याला जवाब आला नाही त्याची रात्रभर फजिती. हे मुकाबले आता कमी झाले आहेत आणि त्यांच्यासोबत ऐकणाऱ्यांची तयारीही.

त्यांच्या जागी आलेल्या डीजेच्या गाण्यात एक तांत्रिक अडचण आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. वामनदादांसारखे कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतात, अभंगात संतांचं नाव येतं तसं. मिरवणुकीसाठी गाणं कापलं जातं, धृपद आणि पहिलं कडवं फिरत राहतं, शेवटचं कडवं येतच नाही. आणि शेवटचं कडवं गेलं की कवीचं नावही जातं. मग गाणं 'पारंपरिक' होतं किंवा गायकाच्या नावावर चढतं.

साळवेंच्या गाण्यांना तर हा धोका आणखी मोठा आहे. त्यांना जाऊन तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. ती गाणी आज कानावर येतात ती मुख्यतः इतर शाहिरांच्या आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडून. माजलगाव परिसरात एखाद्याच्या घरी, फळीवर, पँथरच्या दिवसांतली गाण्याची वही असेल तर तिचे मोबाइलवर फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. पानापानाचा फोटो घ्यावा, शेवटच्या कडव्यासकट. आणि वही ज्याची आहे त्याला शेजारी बसवून विचारावं, या ओळीतलं हे नाव कुणाचं.